गोधडीचा चौथा कोपरा

१

बन्सी शिपायानं सभागृहाचं दार उघडलं आणि आतून आधी माश्या बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग वास आला, गोड, चिकट, रिकाम्या पोटी घशाशी येणारा. सत्यशीला कानवडेंनी पदर नाकाला लावून आत पाऊल टाकलं. चप्पल फरशीला चिकटली. ती उचलताना चर्रकन आवाज झाला आणि बाईंच्या अंगावर शहारा आला.

सत्यशीलाबाई काही नाजूक नव्हत्या. फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. विहिरीतून काढलेली फुगलेली प्रेतं त्यांनी पाहिली होती आणि पंचनामा उरकून वर चहाही घेतला होता. नोकरी संपल्यावर त्या चिंचोरवाडीच्या कॉलेजात मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर झाल्या. पोरी त्यांना माघारी फौजदारीणबाई म्हणत आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांना किळस सहसा येत नसे. आली की मात्र दिवसदिवस उतरत नसे.

निकिता बडेचे भिंतीवरचे सगळे फलक काळपट तपकिरी पाकात न्हाऊन निघाले होते. रात्र रात्र जागून लिहिलेली अक्षरं विरघळली होती, चित्रांवर माश्या चिकटून तडफडत होत्या, आणि खिडकीतून मुंग्यांची रांग निवांतपणे जेवायला येत होती. फलकांच्या मधोमध दोन मोठे खिळे तेवढे कोरडे होते. काल संध्याकाळपर्यंत त्यांच्यावर गोधडी टांगलेली होती.

निकिता दारातच थांबली होती. ती रडली नाही. "मॅडम, आईची गोधडी?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात इतिहास विभागाचे डॉ. अंगद वाळुंजकर लगबगीनं आले. निकिताचे मार्गदर्शक तेच. मूळचे पुण्याचे, सोमवारी यायचे, शुक्रवारी पळायचे. आत डोकावताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"मळी! फॅक्टरीची मळी आणून ओतलीय! मी हिला सांगत होतो, अमेरिकेच्या गुलामांवर लिही, पण इथल्या ऊसतोडीचं नाव काढू नकोस. पचलं नाही कुणाला तरी. गावगुंडांचं काम आहे हे."

झालं. घटकाभरात सगळ्या कॉलेजात मळी मळी झालं. सत्यशीलाबाईंनी फलकावरचा एक थेंब बोटावर घेतला, नाकाशी नेला, अंगठ्यानं चोळला आणि रुमालाला पुसला.

प्राचार्य आले ते घामाघूम होऊन. विद्यापीठाच्या संशोधन स्पर्धेचे परीक्षक दुपारी दोनला यायचे होते. "पोलीस नकोत हं बाई. संस्थेचं नाव आहे. तुम्ही खात्यातल्या आहात, आतल्या आत काय ते बघा."

आतल्या आत. या दोन शब्दांनी किती घाण झाकलेली बाईंनी नोकरीत पाहिली होती! त्यांनी प्राचार्यांकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला निघून गेले.

मग निकिता जवळ आली. "मॅडम, दोनपर्यंत गोधडी मिळाली नाही तर संध्याकाळी पाहुणे येणारेत."

"कसले पाहुणे?"

"मला बघायला."

२

होस्टेलच्या पायरीवर निकिताची आई रंगुबाई बसली होती. अंगावर धुवट इरकली, पाय भेगाळलेले, हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे. आजचा दिवस फडावर न जाता ती लेकीचं प्रदर्शन बघायला आली होती. पाथर्डीकडची ही माणसं दिवाळीनंतर इकडच्या बागायती पट्ट्यात ऊस तोडायला येत आणि फॅक्टरीजवळच्या मैदानात पाचटाच्या कोपींत राहत. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे एक कोयता म्हणतात. जोडी नसली तर कोयता नाही. म्हणून पोरी वयात आल्या न आल्या तोच उजवल्या जातात, आणि पुढच्या हंगामाला फडात एक कोयता वाढतो.

निकिता त्यातून सुटून बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचली होती. या स्पर्धेत निवड झाली तर एम.ए.ला शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. नाही झाली तर उन्हाळ्यात लग्न. बापानं शब्द दिला होता तो एवढाच, आणि त्याच्या परीनं तो मोठाच होता.

"तुझा विषय मला नीट सांग," बाई म्हणाल्या. "शहाण्या माणसाला सांगतात तसा नको. फौजदाराला सांग."

निकिता सांगू लागली. दीडदोनशे वर्षांपूर्वीची अमेरिका. लुईझियाना नावाचा मुलूख, तिथले उसाचे मळे, विकत आणलेली काळी माणसं. तोडणीच्या हंगामात गुऱ्हाळं रात्रंदिवस चालायची, झोपेत हात चरकात जायचे. "कोयत्याचं चित्र पुस्तकात पाहिलं मॅडम, आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. नंतर लाज वाटली, असं वाटलं म्हणून." त्या बाया फाटक्या कपड्यांच्या, पोत्यांच्या गोधड्या शिवत. आता एक गोष्ट जगभर सांगतात, की त्या गोधड्यांत पळून जायच्या वाटांचे गुप्त नकाशे होते. निकितानं कॉलेजच्या लायब्ररीत बसून, पळून आलेल्या माणसांनी स्वतः सांगितलेल्या हकिगती वाचल्या. त्यांत तारे होते, नद्या होत्या, लपवणारी घरं होती. गोधडीतला नकाशा तिला कुठेच सापडला नाही. ती गोष्ट गाजली ती गुलामगिरी संपून सव्वाशे वर्षं उलटल्यावर.

"मग तुझ्या आईची गोधडी कशाला टांगली?"

"तिच्यातही नकाशा नाही, हे दाखवायला. थंडी वाजत होती म्हणून शिवली. कुठलं ठिगळ कुठलं, ते आई स्वतः सांगणार होती. माझा फ्रॉक, आजीचं लुगडं, बापूंचा सदरा. त्या बायांची थंडी खरी होती, मॅडम. आपण तिच्यावर नकाशा काढतो आणि थंडी विसरून जातो."

बाई पोरीकडे बघत राहिल्या. मग रंगुबाईकडे वळल्या. "केव्हा शिवली होती?"

"ह्याच आटवड्यात पुरी केली की. कोपीत दिव्याच्या उजेडात." रंगुबाईनं डोळे पुसले. "काय पाप झालं म्हनायचं? उपाशी बी न्हवती ठिवली म्या तिला."

बाईंना वाटलं ती लेकीबद्दल बोलते आहे. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे विचारलं नाही. तिथे त्या चुकल्या.

३

निकिताचा बाप गहिनीनाथ कडुनिंबाखाली एकटाच उभा होता. सरळ पाहणं त्याला जमत नव्हतं. सगळं कॉलेज त्याच्याकडे बोट दाखवत होतं आणि त्यात तथ्य नव्हतं असं नाही. फलक नासले तर लेक हरणार, लेक हरली तर लग्न ठरणार, आणि मुलगा टोळीला उचल देऊन फडावर आणणाऱ्या मुकादमाचा पुतण्या.

"रात्री कुठं होतात, गहिनीनाथराव?"

"कोपीवर. मांगून गाडी भरायला गेल्तो. चार मानसं सांगत्याल."

"चार माणसं तुमच्याच टोळीतली."

"मंग दुसऱ्या कोनाच्या टोळीत ऱ्हाऊ?" तो चिडला. "बाई, म्या गरीब हाय, पर हलकट न्हाई. पोरीला शबूद दिलाय. ती जितली तर जितली."

बाईंनी रुमाल पुढे केला. "हे बघा. कशाचं आहे?"

गहिनीनाथनं वास घेतला आणि सवयीनं बोट जिभेला लावलं. त्याचा चेहरा बदलला. "आरारारा! कुन्या येड्यानं भित्ताडावर घालवली ही? लेकरं भाकरीसंगं खात्यात की!"

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी रुमालाची घडी जरा जपून घातली.

दुसरा संशयित स्वतःच चालत आला. ओम. फॅक्टरीच्या एका संचालकाचा मुलगा, केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. स्पर्धेत त्याचाही प्रकल्प होता: एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी रेल्वे. प्रकल्प म्हणजे बाजारातून आणलेली खेळण्यातली गाडी आणि तिच्यामागे कापसाचा डोंगर. काल सगळ्यांत शेवटी सभागृहातून तोच निघाला होता.

"मॅडम, आई शप्पथ, मी नाही. गाडीचे सेल बदलायला थांबलो होतो. गोधडी तेव्हा होती."

"कुलूप कुणी लावलं?"

"मी. किल्ली बन्सीकाकांना दिली. वाळुंजकर सरांकडे पण एक असते."

"तुझ्या वडिलांना निकिताचे फलक आवडले नव्हते म्हणे."

ओम खाली बघू लागला. "पप्पा म्हणाले, पोरगी खोटं काय बोलते? आणि मग म्हणाले, हे मी बोललो ते बाहेर सांगू नको."

बाईंना एवढ्या वासातही जरा बरं वाटलं. त्यांनी रुमाल त्याच्याही नाकाशी धरला. पोरानं हुंगलं. "ही मळी नाही मॅडम. मळीनं डोळ्यांतून पाणी येतं. आमचा बंगला टाकीपासून लांब आहे, तरी वारा फिरला की खिडक्या लावून घेतो. ही तर..."

"गप्प," बाई म्हणाल्या. "दोन वाजेपर्यंत हे कुणाजवळ बोलायचं नाही. विचारायला अजून एक माणूस राहिलाय."

४

डॉ. वाळुंजकरांची केबिन स्वच्छ होती. अगदी नको तितकी. भिंतीवर प्रमाणपत्रं, कोपऱ्यात लोखंडी कपाट, टेबलावर हिरवा चहा, आणि टेबलाच्या पायाभोवती मुंग्यांच्या खडूची पांढरी रेघ. रेघ ताजी होती. सर वाकून दुसरी ओढत होते.

"या बाई. काय सांगू, ग्रामीण भागात मुंग्या फार. मी केबिनमध्ये अन्नाचा कणसुद्धा ठेवत नाही. डबा आणत नाही. दुपारी एखादं फळ, बस. तरी सकाळपासून यांचा मुक्काम इथेच."

"काल रात्री मुक्काम कुठे होता?"

"मुंग्यांचा?" ते हसले.

"तुमचा."

"इथल्याच खोलीवर. वाचत होतो. माझं पुस्तक येतंय ना." त्यांनी कौतुकानं एक छापील कागद पुढे सरकवला. पुस्तकाचं मुखपृष्ठ. मधोमध गोधडीसाठी मोकळी चौकट आणि वर ठळक अक्षरं: गोधडीतले गुप्त नकाशे. "अमेरिकन गुलामांनी जे केलं तेच आपल्या ऊसतोड भगिनी करतात. गाव ते फॅक्टरी, सगळी वाट टाक्यांत बांधलेली. पुढच्या आठवड्यात पुण्यात व्याख्यान आहे, तिथे प्रकाशन."

"निकिता तर म्हणते असले नकाशे नव्हतेच."

सरांनी डोळे मिटून घेतले, जणू फार दुखतं आहे. "गुणी मुलगी आहे. पण पुरावा म्हणजे काय, हे कळायला तपश्चर्या लागते. पीडित माणूस आपलं गुपित सहज सांगत नाही. आणि गुपित मधे नसतं, बाई. ते कडेला असतं. कोपऱ्यात. चारही कोपरे फार महत्त्वाचे."

"आणि तिची आई स्वतः सांगते की काही नाही, तर?"

"तिला तरी काय ठाऊक?"

हे ते इतक्या सहज बोलले की बाईंच्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. त्यांनी मुद्दाम खाली पाहिलं. मुंग्यांची एक रांग खडूची रेघ चुकवून टेबलामागच्या कचऱ्याच्या टोपलीकडे जात होती, आणि टोपलीतून परतणाऱ्या प्रत्येक मुंगीच्या तोंडात करडा कण होता. टोपलीत चुरगळलेले कागद होते आणि त्यांखाली चिंधीसारखं काहीतरी. त्यांनी जास्त वेळ पाहिलं नाही.

रुमाल मात्र त्यांनी इथेही पुढे केला. "हे काय असावं, सर?"

सरांनी लांबूनच मान फिरवली. "मळी. सकाळीच सांगितलं की. शी! ते दूर करा, माझं पोट ढवळतं."

"माझंही," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

५

पण ढवळलेल्या पोटाला पुरावा म्हणत नाहीत. माणूस खोटा आहे हे बाईंना कळलं होतं. गोधडी त्याच्याकडे आहे हे सिद्ध कसं करायचं? कपाट उघडा म्हटलं तर आकांडतांडव करील, प्राचार्य हात जोडतील, आणि तेवढ्यात कुणीतरी मागच्या दारानं गोधडी पळवील. बन्सीला त्यांनी केबिनबाहेर स्टूल टाकून बसवलं आणि बजावलं, की टोपली झाडायला कुणी आलं तर हाकलून दे.

होस्टेलच्या मेसमध्ये बाईंनी आपला डबा उघडला. बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, कडेला गूळ. रंगुबाई आणि निकिता समोर बसल्या होत्या. निकिता ताटाला शिवत नव्हती. बाईंनी भाकरी मोडली. मोडताना करडे कण ताटात पडले आणि बाईंचा हात तिथेच थांबला.

करडे कण. डबा न आणणारा माणूस. अन्नाचा कणही न ठेवणारी केबिन.

"रंगुबाई, सकाळी तुम्ही म्हणालात, तिला उपाशी ठेवली नव्हती. कुणाला?"

"गोधडीला की."

"म्हणजे?"

रंगुबाईला आश्चर्य वाटलं, की एवढी फौजदार झालेली बाई आणि हे माहीत नाही. तिनं हात धुतले, पदर सावरला आणि आपल्याकडची रीत हळू आवाजात सांगितली. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"कुठल्या कोपऱ्यात?"

"सगळ्यात शेवटी शिवतो, त्या. चवथ्या."

"निकिता," बाई म्हणाल्या, "तोंड धू. वेणी घाल. दोन वाजता तू बोलणार आहेस."

"गोधडीशिवाय?"

बाई तोवर बाहेर पडल्या होत्या.

६

परीक्षक यायला थोडा वेळ होता. सभागृहाची फरशी धुतली होती, पण माश्या गेल्या नव्हत्या. सत्यशीलाबाईंनी सगळ्यांना नासक्या फलकांसमोर बोलावलं. प्राचार्य, वाळुंजकर, ओम, गहिनीनाथ, मायलेकी. बन्सी दारात होता आणि त्याच्या हातात वर्तमानपत्रानं झाकलेली टोपली होती.

"पहिली गोष्ट," बाई म्हणाल्या. "ही मळी नाही. ही काकवी आहे. गुऱ्हाळावर मिळते ती, खायची. मळी फॅक्टरीची असते, काळी, आंबूस, डोळे चुरचुरवणारी. फॅक्टरीच्या गुंडांनी केलं असतं तर टाकी भरून मळी फुकट होती; त्यांनी बाटल्या फोडून काकवी कशाला घातली असती? गहिनीनाथरावांनी चाखून ओळखली, आणि वाया गेली म्हणून हळहळले. ओमनं नुसत्या वासावर ओळखली. या भागात जन्मलेलं पोरसुद्धा मळी आणि काकवी यांत चुकायचं नाही. हे ज्यानं केलं त्याला आळ फॅक्टरीवर घालायचा होता, आणि उसापासून निघणारं काळं चिकट ते सगळं त्याच्या लेखी एकच. वर्षानुवर्षं इथे नोकरी करून त्यानं इथलं काही तोंडात घातलेलं नाही."

"बाई, हा तर्क झाला," वाळुंजकर म्हणाले.

"तर्कच. आता पुरावा. रंगुबाई, गोधडीच्या चौथ्या कोपऱ्यात काय होतं?"

रंगुबाई एवढ्या माणसांपुढे लाजली. मग म्हणाली, "घास. भाकरीचा तुकडा, वर गुळाचा खडा, हळदकुकू. चिंधीत बांधून कोपऱ्यात घालायचा न् मंग टाका मारायचा. गोधडी उपाशी ठिवू नये. उपाशी गोधडी अंगावर घेतली तर घरातलं मानूस उपाशी ऱ्हातं. आमच्यात समद्या बाया करत्यात."

बाईंनी बन्सीला खूण केली. त्यानं टोपलीवरचा कागद काढला. आत चुरगळलेल्या कागदांखाली फुलाफुलांची चिंधी होती, कापलेले टाके अजून तिला लोंबत होते. चिंधीत बाजरीच्या शिळ्या भाकरीचा तुकडा, त्यावर पुसट पिवळं, पुसट लाल, आणि मुंग्यांची दाटी.

"माझा फ्रॉक," निकिता म्हणाली. "पाचवीतला."

"ही टोपली डॉक्टर साहेबांच्या केबिनमधली," बाई म्हणाल्या. "यांनी गोधडी उचलली, कारण पुस्तकाला ती हवी होती, मात्र ती शिवणारी बाई शेजारी उभी राहून खरं सांगणारी नको होती. फलक नासवले, कारण फलक यांना खोटं पाडत होते. इथवर नुसती चोरी आहे. पण हा माणूस केबिनमध्ये बसून काय करतो? गोधडी चाचपतो. एका कोपऱ्यात काहीतरी टणक लागतं. याला वाटतं, सापडलं! गुपित! ब्लेड घेऊन कोपरा उसवतो. आत भाकरी. तिचा अर्थ त्याला लागत नाही, कारण त्या बाईला कधी विचारलेलंच नाही. म्हणून ती लपवायचंही सुचत नाही. शिळा तुकडा म्हणून टोपलीत टाकतो आणि मुंग्यांसाठी खडू ओढत बसतो."

बाईंचा आवाज चढला होता. "तीस वर्षं चोर पाहिले मी. भुकेनं चोरणारे, दारूसाठी चोरणारे. त्यांची कधी शिसारी आली नाही. तुमची येते, सर. ज्या पोरीला शिकवायचं तिच्याच आईचं पांघरूण चोरलंत, आणि वर तिच्या बापावर संशय येऊ दिलात."

वाळुंजकरांनी लोखंडी कपाटाची किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. ओम ती उचलून केबिनकडे पळाला. थोड्याच वेळात पोरगा गोधडी छातीशी धरून आला. तीन कोपरे शाबूत होते, चौथा उसवून लोंबत होता.

आणि तेव्हा, पकडला गेलेला, घामानं भिजलेला तो विद्वान माणूस एक पाऊल पुढे आला. त्याचे डोळे गोधडीवर होते. "पण मग," त्यानं रंगुबाईला हळूच विचारलं, "उरलेल्या तीन कोपऱ्यांत काय आहे?"

सत्यशीलाबाईंना खरोखर ओकारी येईल असं वाटलं.

"काय न्हाई, सायेब," रंगुबाई म्हणाली. "एकच घास असतोय. चार घालाया कुठून आनायचे?"

७

प्राचार्यांनी बाईंना बाजूला घेतलं. मिळाली ना गोधडी, मग आता मिटवून टाकू. सरांचं पुस्तक येतंय, संस्थेची नॅकची तपासणी आहे. बाईंनी त्यांचं बोलणं पुरं होऊ दिलं. मग मोबाईल काढला आणि त्यांच्यासमोरच पोलीस ठाण्याला फोन लावला.

परीक्षकांची गाडी फाटकात आली तेव्हा निकिता गोधडी खिळ्यांना लावत होती. रंगुबाईनं तिचा हात धरला. "उपाशी टांगू नगंस गं तिला."

बाई धावत मेसमध्ये गेल्या आणि आपल्या डब्यातली मोडलेली भाकरी आणि गूळ घेऊन आल्या. रंगुबाईनं तिथेच फरशीवर बसून तुकडा चिंधीत बांधला. ओमनं कुठूनसा सुईदोरा आणला. बहुधा त्याच्या कापसाच्या डोंगराचा. टाके घाईचे पडले, पण घट्ट पडले.

निकिताचे फलक गेले होते. ती नासक्या भिंतीपुढे उभी राहून बोलली. लुईझियानाचा हंगाम, चरकात गेलेले हात, पोत्यांच्या गोधड्या. मग म्हणाली, "या गोधडीत लोकांना नकाशा सापडतो. माझ्या आईनं तिच्यात काय घातलंय ते आज सकाळपर्यंत मलाही माहीत नव्हतं, कारण मीही तिला ठिगळांपलीकडे काही विचारलं नव्हतं. त्या अमेरिकेतल्या बायांनी काय घातलं असेल, ते मी सांगू शकत नाही. त्यांना विचारायला कुणी गेलं नाही, आणि आता त्या नाहीत. माहीत नाही, असं लिहिणं हेच मला प्रामाणिक वाटतं." परीक्षकांतल्या पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला. रंगुबाईला त्यांनी खुर्ची दिली आणि एकेका ठिगळाची हकिगत विचारली. तिची शेवटची हकिगत संपेपर्यंत चहा निवून गेला.

निकिताची निवड जाहीर झाली तेव्हा सत्यशीलाबाई नळावर हात धूत होत्या. तिसऱ्यांदा. साबण संपत आला, तरी बोटांची चिकचिक जाईना. नळाच्या मागे, कडुनिंबाखाली, गहिनीनाथ पाठमोरा फोनवर बोलत होता. मुकादम असावा.

"न्हाई, आज पावन्यांना आनू नका... उद्या बी नगं... व्हय, शबूद दिल्ता पोरीला... आता कसं सांगू तुमाला? तुमी आसं करा." तो थांबला, त्यानं सदऱ्याच्या बाहीनं नाक पुसलं. "फुडल्या साली आमच्या घरचा एक कोयता कमी धरा."

बाईंनी नळ बंद केला.